माळावर भारी पळणारं कारवानी काळ्या रानात का मागं पडतं?

बालाघाटी यांनी विचारलं:

राम राम मंडळी. आधीच सांगून टाकतो, मला शिकारीला जायचं नाही, तेव्हा कायदा शिकवायला लगेच धावू नका, प्रश्न निराळा आहे.

आमचं गाव अहमदपूरच्या बाजूला. शेत दोन ठिकाणी, एक वर डोंगरावर हलकी मुरमाड जमीन आणि दुसरं खाली मन्याडच्या अंगाला, तिथं चांगली भारी काळी. घरी कारवानी कुत्री आहे (आपल्याकडची सडपातळ शिकारी जात), हिरी नाव, अडीच वर्षाची, अंगानं हलकी पण पळायला एक नंबर. आता झालं असं की ही बया दोनदा पट्टा सोडवून सशामागं गेली. एकदा वरच्या रानात आणि एकदा खाली. वर तर तिनं सशाला असं गाठलं की आता धरतीच म्हणून मी ओरडायला लागलो, शेवटी ससा एका चरीत उडी मारून पलीकडं गेला आणि सुटला. आणि खाली, जिथं सगळं सपाट, झाड ना झुडूप, मला वाटलं इथं तर हिचंच राज्य, तिथं पहिल्या बांधापर्यंतच इतकी मागं पडली की ससा मधे थांबून कान उभे करून बघत होता.

आमचा आजा आता पंच्याऐंशीच्या घरात आहे. तरुणपणी, म्हणजे कायदा यायच्या आधी, ही मंडळी कुत्री घेऊन हिंडायची. त्याला सांगितलं तर हसला आणि म्हणाला, "काळीत कुत्रं सोडायचं नसतंय, आन ससा चढाला लागला की हाक मारून माघारी बोलवायचं." का म्हणून विचारलं तर म्हणतो, "तसंच असतंय." आता एवढ्यावर माझं समाधान कसं होणार?

तर जाणकारांनी सांगावं की जमिनीमुळं नेमका फरक काय पडतो? आणि दुसरं म्हणजे हिला रोज पळवायला कुठलं रान चांगलं? कारण खालून आली त्या दिवशी मागच्या पायानं जराशी लंगडत होती.

---

गुरांचाडॉक्टर:

बालाघाटी, लंगडत होती हे तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलंय, खरं तर ते पहिल्या ओळीत पाहिजे होतं :) आधी तिचे चारी पंजे उलटे करून बघा. बोटांच्या मधली कातडी, नखांची मुळं, आणि पुढच्या पायाला मागून थोडी वर एक एकटी गादी असते ती. ही गादी चालताना जमिनीला टेकतच नाही, पण कुत्रं जोरात पळताना एकदम वळलं किंवा ब्रेक मारला की टेकते आणि कडक जमिनीवर अक्षरशः सोलून निघते. सशामागं पळालेल्या कुत्र्यात मी हेच जास्त बघतो, कारण ससा सरळ पळतच नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न. हिरीचं वजन वीस-पंचवीस किलो असेल, ससा दोन-अडीच किलोचा. म्हणजे वजन दहापट, पण पंजा काही दहापट मोठा नाही. मऊ, नांगरलेल्या, भुसभुशीत काळ्या मातीत कुत्र्याचा पाय खोल जातो आणि प्रत्येक उडीला तो बाहेर ओढण्यात ताकद जाते. ससा वरच्यावर जातो. शिवाय सशाच्या तळपायाला कुत्र्यासारख्या उघड्या गाद्या नसतात, खालून दाट केस असतात, त्यामुळं ढेकूळ काय आणि धसकट काय, त्याला फारसं बोचत नाही.

ओल असेल तर अजून वाईट. काळी माती बोटांच्या बेचक्यात भरते, तिचे गोळे होतात, बोटं फाकतात आणि पकडच राहात नाही. उन्हाळ्यात उलटं, तीच जमीन भेगाळते. एप्रिलमधल्या भेगेत भरधाव कुत्र्याचा पाय गेला की काय होतं ते सांगायला नको, नळी मोडलेली कुत्री टेम्पोत घालून आणतात लोक.

मुरमाडावर पाय रुतत नाही, दिलेला सगळा जोर पुढं जातो. या जातीची पळण्याची पद्धतच अशी की पाठीचा कणा धनुष्यासारखा वाकतो, एका ढेंगेत दोनदा चारी पाय जमिनीपासून सुटतात. त्याला खालून टणक आधार लागतो. तो मिळाला की कुत्रं उडतं, नाही मिळाला की सगळं यंत्र बिघडतं.

---

मंगळवेढ्याचा_मालदांडी:

डॉक्टरसाहेबांनी पायाचं सांगितलं, मी रानाचं सांगतो. आमच्याकडं मंगळवेढ्याला काळी म्हणजे काळीच, मैलच्या मैल सपाट, ज्वारीचं कोठार. बाहेरच्या माणसाला वाटतं इथं कुत्र्याला काय अडचण, सगळं तर दिसतंय. पण त्यानं पीक कुठं बघितलंय.

ससा काय बिळात राहात नाही आपल्याकडचा. दिवसा गवतात नाहीतर बांधाला नुसता अंगाएवढा खळगा करून दबून बसतो, अगदी पायाखाली येईस्तोवर हलत नाही, आणि संध्याकाळी चरायला निघतो. म्हणजे त्याचा जीव वाचवायला घर नाही, तर रान. आणि ते रान त्याला पाठ असतं, कुठल्या कुंपणात कुठं भसका आहे, कुठल्या बांधाला कुठं खांड पडलंय. पळाला की गोल फिरून परत आपल्याच हद्दीत येतो.

रब्बीत ज्वारीच्या कडेनं करडई घालायची पद्धत होती, जनावर आत शिरू नये म्हणून. करडई वाळली की नुसता काटा. ससा तिच्या बुडातनं सुळकन आत जातो, खाली मोकळं असतं ना, आणि कुत्रं छातीवर काटे घेऊन बोंबलत बाहेर. एकदा ज्वारीत गेला की खेळ संपला, कारण ही कुत्री नाकानं नाही तर डोळ्यानं शिकार करणारी, नजरेआड झाला की तिथंच उभं राहून इकडंतिकडं बघत बसतात. वडील सांगायचे, गावठी कुत्रं बरोबर असलं तर ते वास काढत आत शिरायचं आणि कारवानी बाहेर वाट बघायचं.

आणि काढणी झाल्यावर म्हणाल तर धसकटं. ज्वारीचं एक वेळ ठीक, पण तुरीचे खुंट तिरके कापलेले असतात, त्यावर पळालेलं कुत्रं घरी येईपर्यंत रक्ताचे ठसे. बालाघाटी, तुमच्या खालच्या रानात तूर होती का? असली तर लंगडण्याचं कारण तिथंच शोधा.

नांगरटीत तर ससा फार शहाणपणा करतो बरं का. तासातासानं, म्हणजे नांगराच्या रेघेनं, सरळ पळतो, कुत्रं त्याच तासाला लागलं, वेग घेतला, की हा पटकन दोन तासं आडवी उडी मारून उलट दिशेला. कुत्र्याला ढेकळात वळायला अर्धं रान लागतं.

---

वाट_चुकलेला:

मालदांडी काकांना +१, पण डॉक्टरांशी थोडा असहमत. सगळं जमिनीच्या मऊ-कडकपणावर ढकलू नका राव. माळसुद्धा एका प्रकारचा नसतो. दाबून बसलेला मुरूम, वर विरळ गवत, तिथं कुत्रं भारी. पण तोच माळ उताराला लागला आणि वर सुटी खडी आली की वळणावर कुत्रं आडवं घसरतं, ससा मात्र ठणाठण दगडावरनं दगडावर. मी सांगोल्याकडचे माळ बघितलेत, तिथं कुत्र्याच्या वेगाला काही किंमत नाही.

माझ्या मते खरी गोष्ट एकच, सशाला लपायची जागा किती लांब आहे. तीनशे मीटर मोकळं मिळालं तर चांगलं कारवानी कुठल्याही कडक जमिनीवर त्याला वळायला लावणार, एकदा वळायला लागला की प्रत्येक वळणाला अंतर कमी होतं. पन्नास मीटरवर घाणेरीचं जाळं असेल तर तुमचं कुत्रं इंग्लंडच्या राणीचं असलं तरी हात हलवत परत येणार. (अवांतर: मुधोळच्या घोरपडे राजांनी ही कुत्री विलायतेच्या राजाला, पाचव्या जॉर्जला, भेट दिली होती, म्हणून तिकडं मुधोळ हाउंड नाव पडलं आणि आमच्या लातूर-नांदेडच्या कारवानीला कोणी विचारीना. असो, २००५ साली पोस्टाच्या तिकिटावर मुधोळच आला.)

चढाचं आजोबा बोलले ते शंभर टक्के खरं. सशाचे मागचे पाय पुढच्यांपेक्षा चांगलेच लांब, त्यामुळं चढाला त्याला फायदा, उताराला तोच लांब पाय आडवा येतो, कोलांट्या खातो. म्हणून उठला की तो टेकडी शोधतो. कुत्र्याला चढाला स्वतःचं वजन वर न्यावं लागतं, अर्ध्या चढात जीभ बाहेर. हाक मारून माघारी बोलवायचं ते त्यासाठी, उगाच दमवायचं नाही, पुढच्या सशाला कुत्रं पाहिजे ना. आजोबा पक्के होते तुमचे.

---

नॉरफोकवासी:

नमस्कार, मी इंग्लंडात पूर्वेला राहते, थेटफर्डच्या जवळ, मूळची बार्शीची. मालदांडी काकांचं करडईचं वाचून एकदम घरी गेल्यासारखं वाटलं.

इथं उलटी गंमत आहे. इथल्या शेतकऱ्यांना त्रास देतो तो छोटा, बिळात राहणारा ससा, आपल्याकडचा लांब पायांचा नाही. आमचा भाग म्हणजे ब्रेकलँड, वाळूची हलकी जमीन, बीळ खणायला सोपी, मध्ययुगात तर मठवाले इथं मांस आणि कातड्यासाठी ससे मुद्दाम पाळायचे, त्या काळची दगडी राखणघरं अजून उभी आहेत. १९५३ मध्ये मिक्सोमॅटोसिस या सशांच्या रोगाची साथ आली तेव्हा बहुतेक ससे मेले पण परत वाढले. आमचे शेजारी शेतकरी आहेत, ते गव्हाची कोंबं खाल्ली की एका माणसाला बोलावतात, त्याच्याकडं लर्चर कुत्रं आणि फेरेट (बिळात सोडायचं मुंगसासारखं पाळीव जनावर). कायदेशीर आहे बरं का, २००४ च्या हंटिंग ॲक्टमध्ये उंदीर आणि हे बिळातले ससे वगळलेत, फक्त जमीनमालकाची परवानगी लागते. लांब पायांच्या सशामागं कुत्रं सोडलं तर मात्र गुन्हा.

मी एकदा रात्री बघायला गेले होते. वाट_चुकलेला म्हणतात ते अंतराचं गणित इथं सेकंदात चालतं. हा ससा बिळापासून लांब जातच नाही, कुंपणाच्या झाडोऱ्यातून बाहेर येऊन कडेकडेनं चरतो. त्यामुळं कुत्र्याचा वेग नंतर, आधी तो माणूस बघत होता की बिळं कुठल्या कडेला, वारा कुठून, शेताचा उतार कुठं. वारा आपल्याकडं येतोय अशा बाजूनं जायचं, अंधारी आणि वाऱ्याची रात्र पाहिजे, चांदण्यात ससे बाहेर थांबतच नाहीत म्हणे. आणि कुत्रं अशा बाजूनं सोडायचं की ते ससा आणि बीळ यांच्या मधे येईल. एवढं जमलं तर साधं कुत्रंही काम करतं, नाही जमलं तर ग्रेहाउंड आणून उपयोग नाही. लर्चरमध्ये ग्रेहाउंडला कोली किंवा टेरियरचं रक्त मिसळतात ते याचसाठी, थोडा वेग गेला तरी चालेल पण डोकं पाहिजे आणि कातडी जाड पाहिजे.

कातडी म्हटल्यावर आठवलं, इथल्या वाळूत गारगोटी असते, फ्लिंट. जवळच ग्राइम्स ग्रेव्ह्ज म्हणून अश्मयुगातल्या फ्लिंटच्या खाणी आहेत, हत्यारं करायला काढायचे. त्याच दगडाच्या कपऱ्या आजही नांगराला वर येतात आणि कुत्र्याचे पंजे ब्लेडनं कापल्यासारखे कापतात. मऊ वाळू दिसते म्हणून फसायचं नाही. त्या माणसाच्या गाडीत पट्ट्या आणि मलमाचा डबा कायम असतो.

आणि सपाट रानाचं म्हणाल तर इथं लांब पायाच्या सशामागं दोन दोन ग्रेहाउंड सोडायची मोठी स्पर्धा होती, वॉटरलू कप, लिव्हरपूलजवळ ऑल्टकरला, १८३६ पासून. जागा मुद्दाम तशी निवडलेली, एकदम सपाट ओलसर शेतं. सशाला आधी बरंच अंतर देऊन मग कुत्री सोडायची, आणि मार्क धरण्यापेक्षा वळवण्याला जास्त. २००५ च्या फेब्रुवारीत शेवटची झाली आणि त्याच आठवड्यात बंदी लागू झाली. म्हणजे दोन्ही कुत्र्यांना एकच जमीन मिळावी म्हणून एवढा खटाटोप, नाहीतर जिंकलं कुत्रं की रान हेच कळायचं नाही.

---

गवताळ:

चर्चा छान चालू आहे, रसभंग करतोय पण एक गोष्ट लिहून ठेवतो, कारण हा धागा उद्या कोणीतरी सर्च करून वाचणार आणि सल्ला समजणार.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, त्यात शिकार म्हणजे काय याची व्याख्या कलम २(१६) मध्ये आहे, आणि तिथं मारणं तर आहेच पण पकडणं, फासे लावणं, हाकारणं आणि कुत्रं मागं लावणं हेही आहे, आणि त्याचा प्रयत्नसुद्धा. म्हणजे 'धरला नाही हो, नुसतं पळवलं' हे कारण चालत नाही. बालाघाटी, तुमची कुत्री पट्टा सोडवून गेली हे वेगळं, पण ती सवय झाली तर उद्या वनरक्षक तुमच्या दारात उभा राहणार, आणि व्हिडिओ काढून टाकला तर त्याच्याही आधी.

दुसरं, मला कायद्यापेक्षा जास्त लागतं ते माळाचं. आपल्याकडं माळरान म्हणजे पडीक, रिकामं अशी समजूत. सोलापूर भागात नान्नजकडं जाऊन बघा, काळवीट, लांडगा, खोकड, धाविक-चंडोल अशी पाखरं, सगळं त्याच गवतात. लांडग्याचं नि खोकडाचं पोट काही अंशी अशा छोट्या जनावरांवर. जमिनीवर अंडी घालणारे पक्षी तर मोकाट कुत्र्यांपुढं टिकतच नाहीत, आणि वर लांडग्यांना कुत्र्यांचे रोग लागतात.

तिसरं, पारध्यांच्या नावावर सगळं खपवायची सवय असते लोकांना, इथं अजून कोणी तसं लिहिलं नाही म्हणून बरं वाटलं. मी ज्या केसेस पाहिल्या त्यात जीपगाडी, हेडलाइट आणि महागडी कुत्री घेऊन फिरणारी पोरंच जास्त होती.

आता विषयावर. मालदांडी काकांनी सांगितलेलं रान आता राहिलंय कुठं? डोंगरावर पाणलोटाची कामं झाली, सलग समतल चर खणले. बालाघाटी, तुमचा ससा ज्या चरीत उडी मारून गेला ती तीच असणार. दर थोड्या अंतरावर आडवी चर आणि वर मातीचा भराव. ससा ती ओलांडतो किंवा चरीतनंच पळतो, दिसत नाही, भरधाव कुत्रं तोंडावर आपटतं. खाली पाणी आलं तिथं ऊस. उसात एकदा गेला की बिबट्यानंच शोधावा. आणि जिथं तिथं तारेची कुंपणं, काही ठिकाणी तर करंट सोडलेला, त्यात माणसं मेलीत, कुत्र्याचं काय घेऊन बसलात.

---

बालाघाटी:

वा, एवढं सगळं येईल वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार.

मालदांडी काका, बरोबर ओळखलंत, तूरच होती, नुकतीच काढलेली. डॉक्टर, पंजे बघितले. मागच्या डाव्या पायाच्या दोन बोटांच्या मधे बारीक भोक होतं, वरून कळतच नव्हतं, दाबलं तर कुई केलं. वरच्या रानातली कुसळी गवताची कुसळं आत गेली असतील का?

आज्याला सगळा धागा वाचून दाखवला. चढाचं ऐकून मान हलवली. विलायतेतलं ऐकून म्हणाला, "बिळात राहतोय तर त्याला ससा कशाला म्हणायचं, घूस म्हणा की." गवताळभाऊंचं वाचलं तर जरा वेळ गप्प बसला आणि म्हणाला आमच्या वेळेला एवढ्या चरी आन तारा नव्हत्या, आन ससेबी लई होते. मी विचारलं मग काळीत कधीच सोडायचं नाही का, तर म्हणतो पाऊस पडून चार-आठ दिवस गेले, वरची पापडी वाळली आणि आत ओल आहे, पाय टाकला तर उमटतो पण रुतत नाही, तेव्हा काळीसारखं रान नाही, धूळ नाही, पाय पोळत नाही. मग हे आधी का सांगितलं नाही विचारलं तर परत तेच, "तू इचारलं कुठं."

आता पळवायचं कुठं ते सांगा. पट्टा बदललाय, छातीचा घेतलाय.

---

गुरांचाडॉक्टर:

कुसळच असणार. त्याचं टोक एका बाजूनंच सरकतं, आत जातं पण मागं येत नाही, पायातून घुसून वर घोट्यापर्यंत गेलेली काढलीत. घरी चिमट्यानं कोरत बसू नका, दोन-तीन दिवस मिठाच्या कोमट पाण्यात पाय शेका आणि जवळच्या दवाखान्यात दाखवा. दिवाळीनंतर कुसळी वाळते तेव्हापासून रोज संध्याकाळी बोटांचे बेचके, कान आणि नाकपुड्या बघायच्या, शिंका थांबत नसतील तर नाकात गेलंय समजायचं.

पळवायला आजोबांनी सांगितलेली पापडी धरलेली जमीन उत्तम, पण ती वर्षातून थोडे दिवसच मिळते. बाकी वेळ जुनं पडीक रान, जिथं गुरं बसून बसून गवत दाबलं गेलंय, खडी नाही, भेग नाही. आधी स्वतः एकदा पायी फिरून घ्या, खुंट, काच, तार बघा, तेवढा आळस करू नका. सकाळी उजाडताना, ऊन तापायच्या आत. या कुत्र्यांच्या अंगावर चरबी नसते, जोरात पळालं की अंग फार लवकर तापतं, आणि काळा दगड तापला की पंजा भाजतो. तुमचा हाताचा तळवा जमिनीवर टेकवा, पाच-सहा सेकंद ठेववत नसेल तर कुत्रं घरी.

---

वाट_चुकलेला:

आणि सशाची हौस भागवायची असेल तर दोरीला जुनं पोतं बांधा, एक पोरगं लांब उभं करा आणि सायकलच्या रिमवर दोरी गुंडाळत ओढा. आमच्याकडं जत्रेतल्या शर्यतीत नकली ससा ओढतात तसंच. फक्त सरळ ओढा, झिगझॅग नको, हिरीची ती मागची गादी आधी बरी होऊ दे.

---

मंगळवेढ्याचा_मालदांडी:

पुढची गादी हो, मागच्या पायाला नसते ती. डॉक्टरांनी वर लिहिलंय, नीट वाचत जा.

बालाघाटी, आजोबांना विचारा, त्यांच्यात पशमी, म्हणजे केसाळ कानाची कुत्री, होती का कधी? आमच्याकडं म्हणायचे की तिच्या पायाला केस जास्त म्हणून गोखरू-सराट्यात ती जास्त अडकायची. खरं खोटं त्यांनाच माहिती असणार.